दाराची काच जड जाते? नवी मशीन घेण्याआधी दार खोलून पाहा

गाडीच्या दाराची काच जड फिरायला लागली, की काच वर-खाली करणारी दारातली मशीन मरायला लागली असं समजा. त्या दिवशी ती तुटलेली नसते. ती ओढाताण सहन करत राहते, आपण हँडलला आणखी जोर लावत राहतो, आणि एक दिवस कट्कन आवाज येऊन काच दाराच्या पोटात पडते. माझ्याकडं गाडी येते ती त्या दिवशी. गाडीवाल्याची मागणी ठरलेली असते, "भाऊ, नवी मशीन टाकून द्या." मशीन टाकायला फार वेळ लागत नाही. पण काच ज्या वाटेनं वर-खाली होते ती वाटच जाम असेल, तर नवी मशीनही जुनीच्या मागोमाग जाते. म्हणून इथं मशीन बदलण्याबद्दल थोडं आणि वाट मोकळी करण्याबद्दल जास्त लिहितो आहे.

माझं दुकान वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावाच्या फाट्यावर आहे. मूळ काम विहिरीवरच्या मोटारींच्या वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याचं. बटणाच्या काचा असलेल्या गाड्यांची छोटी मोटार बंद पडली की लोक ती माझ्याकडं आणू लागले, मोटारीमागं दार आलं, आणि आता पावसाळ्याच्या तोंडावर दारांचंच काम जास्त असतं. येतात त्या बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हातानं घेतलेल्या गाड्या: मारुती ८००, ओम्नी, सुमो, बोलेरो, इंडिका. मारुती ८०० बनायची २०१४ च्या जानेवारीत बंद झाली, पण आमच्या भागात ती अजून वावरात जाते, बाजारात जाते, रात्री-बेरात्री पेशंट घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात जाते. या गाड्यांत एसी एक तर नसतो, नाहीतर बंद असतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, काच खाली गेली नाही तर म्हातारं माणूस आणि लेकरू त्या गाडीत बसू शकत नाही. मृगाच्या पावसात वर आली नाही तर सीट, कागदपत्रं, वायरिंग सगळं भिजतं.

काच जड का होते

काचेच्या दोन्ही बाजूंना आणि वर एक रबराची खाच असते. तिच्या आत बारीक केसाळ अस्तर असतं. काच त्या केसांवरून सरकते, म्हणून ती वाजत नाही आणि तिच्यावर ओरखडे पडत नाहीत. आपल्याकडं या अस्तरात काळ्या मातीची धूळ बसते, सोयाबीन काढताना हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, उडालेला भुसा बसतो आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू अडकतात. बायांना वावरात सोडायला गाडी, येताना कापसाची गाठोडी आणायलाही तीच गाडी, आणि काचा दिवसभर उघड्या. मग उन्हाळा येतो, पारा ४५ अंशांच्या वर जातो, वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं.

खरी पकड बसते ती जूनमध्ये. काळी माती पाण्यानं फुगते हे शेतकऱ्याला सांगायला नको. वावरात जे होतं तेच त्या खाचेत होतं. पहिल्या पावसात ती माती फुगून काचेला दोन्हीकडून धरते, आणि सुकली की अस्तराचे केस एकमेकांना चिकटवून टाकते. आता मशीनला नुसतं काचेचं वजन उचलायचं नसतं, त्या पकडीतून काच ओढून काढायची असते. मशीन तारेची असेल तर तार ताणली जाते, दात्यांची असेल तर दाते झिजतात, मोटार असेल तर ती तापते.

माझ्या साळ्याची गाडी अशीच आली होती. ड्रायव्हरच्या दाराची मशीन बदललेली, तीही वर्ष काढायच्या आत गेलेली. "भाऊजी, मशीनच डुप्लिकेट भेटली," तो म्हणाला. मी रबर ओढून बाहेर काढलं तर खालच्या टोकातून ओंजळभर माती आणि रुईचा बोळा निघाला. "मशीन चांगली होती रे, तिचा रस्ता जाम हाये," म्हटलं. रबर धुतलं, अस्तर मोकळं केलं, त्याच मशीनमध्ये तार नवी टाकली. ती अजून चालू आहे.

दार खोलण्याआधी काय पाहायचं

हातानं फिरवायची काच असेल आणि हँडल नुसतंच गरगर फिरत असेल, तर घाबरू नका. आधी शेजारच्या दाराचं हँडल काढून इथं लावून पाहा. हँडलच्या आत बारीक दाते असतात. बऱ्याचदा तेच झिजलेले असतात आणि मशीन धडधाकट असते. नवं हँडल टाकलं की काम संपलं.

हँडल फिरतं पण फार जड, आणि काच मध्येच थांबते, तर वाट जाम आहे. काच सरळ न जाता एका कोपऱ्यानं खाली झुकते, तर काचेची खालची कड धरणारी लोखंडी पट्टी सुटली आहे किंवा मशीनच्या हाताच्या टोकाचा नायलॉनचा रोलर निसटला आहे. हँडल फिरवताना ठरावीक जागी कटकट होते, तर दाते गेले. आतून करकर आवाज येतो आणि काच अडखळत चढते, तर तारेचे धागे सुटून कुठंतरी गुंतले आहेत. काच वर नीट जाते पण खडबडीत रस्त्यावर आपोआप खाली घसरते आणि तिच्यासोबत हँडलही हळूहळू फिरतं, तर मशीनच्या आत हँडलच्या मुळाशी धरून ठेवणारी जी स्प्रिंग असते ती सैल झाली. अशी मशीन मी दुरुस्त करत बसत नाही, बदलतो.

बटणाच्या काचेचं निदान वेगळं, त्याबद्दल पुढं सांगतो.

दार खोलणं

सावली शोधा. कडुनिंबाखाली गाडी लावा, खाली जुनी सतरंजी किंवा चादर अंथरा. क्लिपा आणि स्क्रू काळ्या मातीत पडले की परत सापडत नाहीत. सामान फार लागत नाही: चपटा आणि चौफुली पेचकस, दहा नंबरचा पाना, पक्कड, चिकटपट्टी, जुना टूथब्रश, एक मार्कर, आणि लांब बाह्यांचा शर्ट. शर्टाचं मुद्दाम सांगतो, कारण दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि मनगट कापतं ते तिथंच. बटणाची काच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा.

पहिल्यांदा हँडल. जुन्या मारुतीसारख्या बऱ्याच गाड्यांत हँडल स्क्रूनं नसतं, मागच्या बाजूला एक तारेची क्लिप असते. पेचकस घालून उपटू नका, पॅड, म्हणजे दाराचं आतलं पुठ्ठ्याचं आवरण, फाटतं. सुती कापडाची लांब पट्टी घ्या, ती हँडल आणि पॅडच्या मधल्या वायसरजवळ घाला, दोन्ही टोकं धरून ताणा आणि इकडून तिकडं ओढत राहा. क्लिपचं टोक कापडात अडकतं आणि ती बाहेर उडते. उडते म्हणजे खरंच उडते, म्हणून दुसऱ्या माणसाला समोर हात धरून बसवा. काढायच्या आधी काच पूर्ण वर असताना हँडल कोणत्या दिशेला होतं ते बघून ठेवा, नाहीतर बसवल्यावर ते गुडघ्याला लागतं.

मग हात टेकवायच्या पट्टीचे स्क्रू, आतल्या खिट्टीच्या वाटीचा स्क्रू, लॉकची वरची गुंडी. काही स्क्रू प्लास्टिकच्या छोट्या झाकणाखाली लपलेले असतात. स्क्रू सगळे निघाले असं वाटलं तरी पॅड ओढण्याआधी एकदा कडेकडेनं बोट फिरवा. पॅड खालच्या कोपऱ्यातून सुरू करा, एकेका क्लिपपाशी चपटा पेचकस कापडात गुंडाळून सरकवा आणि क्लिपच्या अगदी जवळून उचला. मधून ओढलं तर जुना पुठ्ठा फाटतो आणि क्लिप दारातच राहते. दहा-पंधरा वर्षं उन्हात तापलेल्या क्लिपा थोड्या तुटणारच, त्या आधीच आणून ठेवा. पॅड शेवटी सरळ वर उचलून काचेच्या फटीतून सोडवावं लागतं. स्पीकर किंवा बटणांच्या वायरी असतील तर हिसका न देता त्यांचे जोड सोडवा.

पॅडमागं पॉलिथिन दिसेल. ते फाडून फेकू नका. कडेचा काळा डिंक उन्हानं मऊ झालेला असतो, हळूहळू सोलून वरच्या बाजूनं लटकतं ठेवा. या कागदाचं महत्त्व शेवटी कळेल.

आता काच एवढी खाली आणा की तिची खालची पट्टी पत्र्याच्या मोठ्या भोकातून दिसेल. हँडल तात्पुरतं लावून फिरवता येतं. मशीन तुटलेलीच असेल तर दोन हातांनी काच उचला. हे करताना कुणालाही हँडलला हात लावू देऊ नका. तुमची बोटं आत असताना मशीन फिरली तर बोट सुटत नाही.

काच सोडवा आणि हातानं सरकवून पाहा

खालच्या पट्टीचे बोल्ट सैल करण्याआधी मार्करनं त्यांच्याभोवती खूण करा. पट्टीच्या खाचांत बोल्ट पुढं-मागं होतो, आणि जुनी जागा हीच आपल्याकडची मोजपट्टी. मग बोल्ट काढा. हातवाल्या मशीनमध्ये, म्हणजे लांब लोखंडी हातांनी काच उचलणाऱ्या मशीनमध्ये, रोलर पट्टीच्या टोकापर्यंत सरकवून बाहेर काढावा लागतो.

काच आता सुटी झाली. दोन्ही तळव्यांनी धरून ती वर न्या, खाली आणा. ही सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे, आणि घाईत हीच राहून जाते. काच नुसत्या हातांनी, फार जोर न लावता, पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत गेली पाहिजे. जिथं अडते ती जागा लक्षात ठेवा. हातानं ती अडत असेल तर जगातली कोणतीही मशीन ती फार दिवस ओढणार नाही.

काच वर नेऊन तिथंच थांबवायची. चिकटपट्टी काचेवरून दाराच्या चौकटीवर दोन-तीन जागी आरपार लावा. मी त्यासोबत फटीत बाभळीची पाचर कापडात गुंडाळून ठोकतो. हातोडी अगदी हलकी. दाराची काच कडक केलेली असते, मधोमध बराच मार सहन करते, पण कडेला लोखंड लागलं की एका क्षणात पूर्ण काचेचा चुरा होतो. म्हणून काचेच्या कडेला पेचकस कधीच लावायचा नाही.

रबर चौकटीच्या पत्र्याच्या खाचेत नुसतं दाबून बसवलेलं असतं. वरच्या कोपऱ्यातून चिमटीत धरा, बाहेर ओढा, मग खाली दाराच्या पोटात गेलेला भाग हळूच वर खेचा. कुठला भाग कुठं वळतो त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ते साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. माती फुगून सुटते, इथं तिचा तोच गुण आपल्या कामी येतो. मग टूथब्रशनं लांबीच्या दिशेनं घासा, पाणी बदला, गढूळ यायचं थांबेपर्यंत घासा. रुईचे तंतू चिमट्यानं उपटावे लागतात. धुतल्यावर सावलीत सुकवा. उन्हात टाकलं तर आधीच कडक झालेलं रबर आणखी आकसतं.

पेट्रोल किंवा डिझेलनं रबर धुणारे लोक आहेत. रबर त्यानं फुगतं आणि काच आणखी घट्ट होते. इंजिन ऑईल सोडणारेही आहेत. दोन दिवस काच लोण्यासारखी फिरते, आणि मग त्या तेलावर आपल्या रस्त्यांची सगळी धूळ येऊन बसते. अस्तर पूर्ण सुकल्यावर साधी टाल्कम पावडर बोटानं आतून चोळा. सिलिकॉनचा फवारा मिळाला तर तो जास्त टिकतो. तेल आणि ग्रीस मात्र रबराच्या जवळ नको.

रबर बाहेर असतानाच पत्र्याची खाचही पाहा. गंज चढून ती आतून अरुंद झालेली असेल तर पॉलिश पेपरनं घासा आणि रेड ऑक्साईड रंगाचा हात मारा. अस्तराचे केस गेले असतील, नुसतं काळं रबर उरलं असेल, तर ते धुऊन उपयोग नाही. नवं रबर मीटरवरही मिळतं. जुना तुकडा सोबत नेऊन जाडी आणि खाचेची रुंदी जुळवून घ्या.

मागच्या दाराचं एक वेगळंपण आहे. तिथं बऱ्याच गाड्यांत एक छोटी न हलणारी काच आणि तिच्या अलीकडं एक उभी पट्टी असते. मोठी काच त्या पट्टीत सरकते. ती पट्टी वर एका स्क्रूनं आणि खाली दारात एका बोल्टनं धरलेली असते. खालचा बोल्ट सैल झाला की पट्टी वाकडी होते आणि काच अडते. लोक इथंही मशीन बदलतात, आणि दोष त्या एका बोल्टचा असतो.

मशीन: हातवाली आणि तारवाली

रबर सुकेपर्यंत मशीनकडं वळा. ती पत्र्याला बोल्टनं किंवा रिबिटनं धरलेली असते. रिबिट असतील तर ड्रिलनं त्यांची डोकी उडवावी लागतात. परत बसवताना तिथं नट-बोल्ट आणि स्प्रिंग वायसर टाकता येतं, पण बोल्टची लांबी बघा. आतल्या बाजूनं तो काचेला लागता कामा नये.

हातवाल्या मशीनमध्ये एक अर्धगोल दात्यांची पाटी असते आणि तिला जोडलेले एक किंवा दोन लांब हात. दोन हात असतील तर ते कात्रीसारखे उघडतात. काचेचं वजन हलकं वाटावं म्हणून काही मशीनींत एक गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते. ती स्प्रिंग ताणात असते. हँडलचं दातेरी चाक किंवा मोटार काढली की पाटीला धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि हात कोयत्यासारखा झपकन फिरतो. बोट मध्ये असेल तर हाड मोडतं. म्हणून मोटार किंवा चाक सोडवण्याआधी पाटी आणि तिच्या खालचा पत्रा यांना आरपार एक बोल्ट घालून किंवा घट्ट शिकंजा लावून जखडा, मगच पुढचं. माझ्याकडं काम शिकायला येणाऱ्या पोरांना मी ही स्प्रिंग दाखवल्याशिवाय मशीनला हात लावू देत नाही. तुमच्याकडं जखडायला काही नसेल तर ती मशीन अख्खी बाहेर काढा आणि स्प्रिंगला हात न लावता तशीच बदला.

या मशीनमध्ये पहिले जातात ते नायलॉनचे रोलर. ते सुटे मिळतात. पाटीचे दाते मधल्या भागात झिजलेले असतील तर मशीन नवी घ्या. हातांच्या सांध्यांची रिबिट ढिली झाली असेल तर लोखंडाच्या ऐरणीवर ठेवून हलक्या हातानं ठोकून घट्ट करता येते, पण एवढी नको की हात फिरायचाच थांबेल. सगळी जुनी ग्रीस डिझेलमध्ये ब्रश बुडवून धुऊन टाका. ती ग्रीस राहिलेली नसते, तिच्यात मातीच जास्त असते आणि ती दाते घासत असते. कोरडं करून नवी ग्रीस पातळ लावा, फक्त दात्यांवर, सांध्यांवर आणि रोलरच्या पट्टीत.

तारवाल्या मशीनमध्ये एक उभी पट्टी, तिच्यावर सरकणारा प्लास्टिकचा तुकडा, वर-खाली तार वळवणाऱ्या छोट्या चाकऱ्या (पुल्या), आणि हँडलपाशी तार गुंडाळणारं चाक असतं. काच त्या प्लास्टिकच्या तुकड्याला धरलेली असते. इथं तो तुकडा तडकतो किंवा तार चाकरीवरून वळते तिथं तिचे धागे तुटू लागतात. धागे फुलायला लागलेली तार पाहिली की ती आजच बदलायची, कारण ते धागे चाकाभोवती गुंततात आणि चाकाचा प्लास्टिकचा डबाच फोडतात.

सायकलच्या ब्रेकची तार टाकून काम चालवता येतं का, असं खूप जण विचारतात. हातानं फिरवायच्या काचेत, वाट मोकळी असेल तर चालतं. अट एकच. तारेच्या टोकाचा गोळा जुन्या गोळ्याच्या मापाचा आणि पक्का झाळलेला हवा. नुसती गाठ मारून टाकलेली तार सुटतेच. लांबी जुन्या तारेइतकीच ठेवा. सैल राहिली तर चाकावर चढताना एकावर एक गुंडाळी पडते. बटणाच्या काचेत हा उपाय मी करत नाही. मोटारीला कुठं थांबायचं ते कळत नाही, ती ओढत राहते आणि तार तोडते.

काच खालच्या लोखंडी पट्टीतून निसटली असेल तर चिकटद्रव्याच्या मागं लागू नका. काच आणि पट्टीच्या मध्ये रबराची अस्तरपट्टी असते, ती सुकून गेलेली असते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापा, काचेच्या कडेवर दोन्हीकडून घडी घालून ठेवा, साबणाचं पाणी लावा आणि लोखंडी पट्टी लाकडाचा तुकडा मध्ये धरून हळूहळू ठोकून बसवा. साबण सुकला की ती काच सोडत नाही. पट्टी काचेवर जुन्याच जागी यायला हवी, म्हणून काचेवर पूर्वीच्या डागाची रेघ शोधा.

नवी मशीन घ्यायचीच असेल तर वर्ध्याला, अमरावतीला किंवा नागपूरला जाताना जुनी मशीन पिशवीत घेऊन जा. गाडीचं नाव सांगून मागवलेली मशीन बऱ्याचदा जुळत नाही. डावी-उजवी उलट येते, नाहीतर बोल्टची भोकं दुसरीकडं असतात. दुकानातच दोन्ही एकावर एक ठेवून बघा.

बटणाची काच

इथं दार खोलण्याआधी अर्धं निदान होतं. सगळ्याच काचांचं काम बंद असेल तर फ्यूज किंवा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा डबा) पाहा. एकच काच ड्रायव्हरच्या बटणानं चालत नाही पण स्वतःच्या बटणानं चालते, तर ड्रायव्हरचं बटण खराब. चावी चालू करून, इंजिन बंद ठेवून, आतला दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंद होत असेल तर मोटारीपर्यंत करंट जातो आहे आणि मोटार जोर लावते आहे, पण काच हलत नाही. म्हणजे पुन्हा वाट जाम, किंवा मशीन अडकलेली. दिवा जराही हलला नाही तर करंटच पोचत नाही.

तेव्हा दार आणि बिजागरीकडचा गाडीचा खांब यांच्या मधली रबरी नळी आधी पाहा. दार उघडताना-मिटताना तिच्यातल्या वायरी दरवेळी वाकतात, आणि ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं. बटण दाबून ठेवा आणि ती नळी हातानं हलवा. काच झटका देऊन हलली तर वायर तिथंच तुटली आहे. नळी खांबातून काढून वायर झाळा आणि तापवली की आकसणारी प्लास्टिकची नळी वर चढवा. पिळून टेप मारलेला जोड तिथं टिकत नाही. वायर थोडी सैल ठेवा, नाहीतर झाळलेल्या जागेच्या शेजारी परत तुटते.

मोटारीला दोनच वायरी येतात. वायरी उलट केल्या की मोटार उलटी फिरते, बटण एवढंच करतं. मोटारीचा जोड काढून १२ व्होल्टच्या बॅटरीवरून मध्ये फ्यूज घालून थेट करंट द्या. फिरली तर मोटार ठीक. थोडी फिरून थांबली आणि काही मिनिटांनी परत फिरली तर घाबरू नका, बऱ्याच मोटारींत तापल्यावर बंद करणारी सोय असते. ती वारंवार थांबते म्हणजे तिच्यावर भार जास्त आहे, आणि तो भार कुठून येतो ते आता तुम्हाला माहीत आहे.

मोटार अजिबात फिरत नसेल तर उघडा. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेकींमध्ये कार्बन (करंट आत नेणारे छोटे ठोकळे) झिजलेले असतात किंवा दारातलं पाणी आत जाऊन कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळा पडलेला असतो. झिरो पेपरनं (अगदी बारीक पॉलिश पेपरनं) तो हलका घासा, पट्ट्यांच्या मधल्या खाचा सुईनं साफ करा, मापाचे कार्बन टाका. गिअरच्या डब्यातली ग्रीस मेणासारखी झाली असेल तर काढून नवी भरा. नायलॉनच्या गिअरचे दाते गेले असतील किंवा कॉईल जळाल्याचा वास असेल, तर वायंडिंगचा धंदा करणारा म्हणून सांगतो, एवढ्या छोट्या मोटारीचं वायंडिंग करून घेऊ नका. मजुरी आणि वेळ परवडत नाही. भंगारातल्या गाडीची चालू मोटार बॅटरी लावून तपासून घ्या.

परत बसवताना

रबर आधी, मग मशीन, मग काच. मशीनचे आणि काचेचे बोल्ट बोटानं फिरतील एवढेच लावा. काच पूर्ण वर न्या, वरच्या खाचेत सगळीकडं सारखी बसू द्या, आणि तशी बसलेली असताना आधी काचेचे, मग मशीनचे बोल्ट आवळा. खाली असताना आवळले तर काच वर जाऊन एका कोपऱ्यात रुतते आणि नव्या मशीनलाही पहिल्या दिवसापासून जोर लागतो. आवळल्यावर पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करा. वर शेवटच्या बोटभर अंतरात जड गेलं तर बोल्ट किंचित सैल करून केलेल्या खुणेकडं सरकवा.

पॅड लावण्याआधी दाराच्या तळाशी हात घाला. तिथं छोटी भोकं असतात, काचेवरून आत आलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर जातं. काळ्या मातीनं ती बुजलेली असतात आणि पाणी आतच साचतं, मशीन गंजते, मोटारीत ओल जाते. तारेनं ती मोकळी करा. माती ओली असेल तर पाण्याचा फवारा मारून सगळी खाली वाहू द्या.

मग पॉलिथिन. त्याची खालची कड पत्र्याच्या खाचेत आतल्या बाजूला गेली पाहिजे, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी परत दारात पडतं. कड बाहेर राहिली तर तेच पाणी पॅडवर येतं, पुठ्ठा कुजतो आणि गाडीच्या तळाला ओल लागते. फाटलं असेल तर खताच्या पोत्यातलं जाड आतलं प्लास्टिक धुऊन, मापानं कापून वापरा. डिंक चिकटत नसेल तर दोन्हीकडून चिकटणारी पट्टी चालते.

पॅड, स्क्रू, हँडल. हँडलची क्लिप आधी हँडलमध्येच बसवायची आणि मग हँडल दांड्यावर तळव्यानं दाबायचं, टक् आवाज येतो. काच बंद करा आणि बाहेरून काचेच्या खालच्या रबरपट्टीवर बादलीभर पाणी हळूहळू ओता. दोन मिनिटांत ते दाराच्या तळातल्या भोकांतून खाली पडायला हवं. आत पायदान कोरडं आहे का ते हात लावून बघा. ओल लागली तर पॅड परत काढा आणि पॉलिथिनची खालची कड नीट आत सारा.